मोरपंखी ड्रेसमधल्या बारा पुरचुंड्या

तो ड्रेस काकूंनी माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवला, तेव्हा पहिली चूक मी तोंडानं केली.

"गाऊन चांगला हाय काकू."

कामरगावात गाऊन म्हणजे बायका घरात घालतात तो, फुलाफुलांचा, अर्ध्या बाह्यांचा, गळ्याला लेस लावलेला. असले मी शेकड्यानं शिवलेत. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ह्याले ड्रेस म्हनतात," त्या म्हणाल्या. "आन आंदी हात धुऊन ये. साबन लावून."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना पन्नाशीच्या माणसाला हात धुवायला पाठवलं की त्याला कसं वाटतं, ते मी इथं लिहीत नाही. धुऊन आलो. काकूंनी माझे तळवे उलटेपालटे करून बघितले आणि मगच जुन्या धोतराचं बोचकं सोडलं.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. दुकानापासून चार घरं सोडून राहतात. काका गेल्यापासून शेती मुलगा पाहतो, सोयाबीन आणि तूर. मला काकू ठाऊक होत्या त्या एका ब्लाउजसाठी तीनदा परत येणारं गिऱ्हाईक म्हणून. बाही सूतभर उतरली तरी त्यांना लांबून कळायची. मी मनातल्या मनात त्यांना किरकिऱ्या म्हणत आलो होतो. गावाला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की त्या मुंबईच्या आहेत, वडील गिरणीत होते, आणि इथं लग्न होऊन आल्यावर भाकर नीट थापता यायला त्यांना दोन वर्षं लागली. लग्नाआधी आठ वर्षं त्या मुंबईत एका नामांकित डिझायनर बाईच्या कारखान्यात शिवत होत्या, नट्या आणि बड्या घरच्या बाया जिच्याकडे कपड्यांसाठी रांग लावायच्या त्या बाईच्या, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे वीस वर्षं मी ज्यांच्या ब्लाउजांना टाके घालत होतो, त्या माझ्यापेक्षा पाच इयत्ता पुढच्या होत्या, आणि एकदाही बोलल्या नव्हत्या.

ड्रेस ऐंशीच्या दशकातला. ज्या गिऱ्हाइकासाठी शिवला ती बाई न नेताच परदेशात निघून गेली, म्हणून मालकिणीनं तो काकूंना लग्नात आहेर म्हणून दिला. काकूंनी तो कधी अंगात घातला नाही. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आणि दर दिवाळीला घडी बदलली, म्हणजे घडीवर कापड चिरत नाही.

आता तो बाहेर निघाला होता त्याचं कारण काकूंच्या मुलाचा मोबाइल. मुंबईत कुणी एक तरुण मुलगी त्या काळच्या डिझायनर कपड्यांचं प्रदर्शन भरवत होती. तिनं टाकलेल्या जुन्या फोटोत हाच ड्रेस होता, कारखान्यातच फोटोसाठी कुण्या सुंदर मॉडेलनं घातलेला. मुलानं सहज आईला दाखवला. आईनं दळण बाजूला ठेवलं आणि म्हणाली, लाव फोन.

"मी तिले सांगतलं," काकू म्हणाल्या, "ड्रेस घेऊन जाय, फुकट. पन खाली पाटीवर मालकिनीचं नाव लिहाल, तसं शिवनारीचंबी लिहा. ते म्हनते, मावशी, मी शिवला म्हननाऱ्या लई फोन करतात, मी कोनाकोनाचं मानू? म्हटलं, इकडं ये. तुया डोयासमोर सिद्ध करून देतो."

"कसं सिद्ध करान?"

"हाय मायाजवळ पुरावा. तुले काय करायचं? तू चेन बदल. गंजून बसली हाय. माया डोयात मोतीबिंदू उतरला, हात कापते, नाई तं तुयाकडं आली नसती. बेस्तरवारी येनार हाय ते पोरगी. चेन बदल आन बाकी कायलेच हात लावू नको."

हे वाक्य त्यांनी जाताना पायरीवरून पुन्हा म्हटलं. माझ्या बायकोनं ते आतून ऐकलं. त्यामुळे मला नंतर नाकबूल करता आलं नाही.

त्या दुपारी मी दुसरं काम हातात घेतलं नाही. चेन बदलायला तास पुरतो. उरलेला वेळ मी तो ड्रेस नुसता बघत होतो, आणि थोडा थोडा लहान होत होतो.

मोरपंखी रंगाचा रेशमी क्रेप. उजेडाकडे धरला तर हिरवा, सावलीत निळा. खांदे त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे रुंद, आत पॅड. पण आमच्याकडे रेडिमेड कोटात मिळतात तसे स्पंजाचे तुकडे नव्हेत. कापसाच्या पाच पातळ थरांचे, पायरी-पायरीनं कमी होत गेलेले, म्हणजे खांदा कुठं संपतो आणि पॅड कुठं सुरू होतं हे बोटालाही सापडू नये. पाठ कमरेपर्यंत उघडी. समोर डाव्या कमरेवर सगळ्या चुण्या गोळा होऊन तिथून खाली सुटलेल्या. आणि सगळं कापड उरेब कापलेलं. ज्यांनी कधी कात्री धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो: उरेब म्हणजे तिरपं. गळपट्टीसाठी दोन बोटं रुंदीची उरेब पट्टी मी रोज कापतो आणि तीही कधीकधी पीळ खाते. इथं गळ्यापासून पावलापर्यंत अख्खा ड्रेस उरेब होता आणि त्यात कुठंही ओढ नव्हती, फुगा नव्हता. असं कापायचं तर कापड आधी चार दिवस टांगून त्याला जेवढं लोंबायचं तेवढं लोंबू द्यावं लागतं. माझ्याकडे चार दिवस टांगलेलं कापड म्हणजे गिऱ्हाईक विसरलेलं कापड.

आतून तर त्याहून बघण्यासारखा. मी कपडा उलटा करून बघणारा माणूस आहे. दुसऱ्या टेलरचं काम मी गर्दीतही कॉलर उलटून बघतो, त्यावरून एकदा लग्नात भांडण झालं आहे. या ड्रेसला आत कमरेशी एक वेगळाच पट्टा होता, जाड रिबिनीचा, स्वतःच्या हुकांसकट. बाहेरची चेन लावायच्या आधी तो लावायचा. सगळं वजन त्या पट्ट्यावर, वरचं रेशीम मोकळं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की ड्रेस बाईच्या अंगावर आपखुशीनं थांबला आहे. शिलाईचे दाब, म्हणजे जोडाच्या आत उरतं ते कापड, बारीक रेशमी पट्टीनं बांधलेले. हातशिलाईचे टाके मी भिंगातून मोजायला लागलो आणि मोजता मोजता सोडून दिले, कारण मला माझे टाके आठवायला लागले.

मानेशी काळ्या साटिनवर सोनेरी धाग्यानं विणलेलं मालकिणीचं नाव होतं. काकूंचं कुठंच नव्हतं.

चेन मी बदलली. चांगली बदलली, हे काकूंनीही नंतर मान्य केलं, एकाच वाक्यात. इथं थांबलो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण ड्रेस हँगरला लावायला उचलला आणि त्याचा घेर टेबलाच्या काठाला लागून टक् असा आवाज आला.

रेशीम टक् वाजत नाही.

मी घेराची खालची, आत दुमडून शिवलेली मुडप चाचपली. आत काहीतरी टणक, गोल. एक वीत पुढे सरकलो, पुन्हा एक. सगळ्या घेरात मिळून बारा. चार टाके उसवले आणि आतून निघाली एक पुरचुंडी: जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली, लाल दोऱ्यानं आडवी-उभी शिवून बंद केलेली, आत रुपयाएवढी जड चकती.

आता मी कोण माणूस आहे ते सांगतो. अंधश्रद्धेविरुद्ध शाळेत कार्यक्रम झाला तेव्हा पालकांतर्फे भाषण मी केलं होतं. लिंबू-मिरचीवर मी जे बोललो त्याला टाळ्या पडल्या होत्या. तोच मी ती पुरचुंडी पाहून हातातून अशी टाकली की ती मशीनच्या पायंडलाखाली गेली. लाल दोरा, चिंधी, बारा. कपड्यात शिवून घातलेली करणी. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत नेमकी अशीच असते. आणि एकदा तसं वाटल्यावर सगळं जुळतच गेलं. काकूंचे गुडघे धरलेत. त्यांच्या शेतातली बोअर दोनदा कोरडी निघाली. म्हैस आटली. मुंबईच्या कारखान्यात कुणी जळकुकडीनं लग्नाच्या आहेरात हे घालून दिलं आणि ही बिचारी चाळीस वर्षं ट्रंकेत सांभाळून बसली.

बायको चहा घेऊन आली. मी तिला दाखवलं.

"तुमाले चेन बदलाले सांगतली होती ना?"

"हे पाह्य तं आंदी."

तिनं पाहिलं. कप मशीनवर ठेवला. "काकूले सांगा."

"सांगतलं तं बाईची तब्येत जाईन. आपनच काढून टाकू. पुन्न लागते त्याचं."

"पुन्न," बायको म्हणाली. "आन ते भाषन?"

"ते भाषन लिंबू-मिर्चीवर होतं. ह्यात लिंबूबी नाई आन मिर्चीबी नाई."

यावर ती हसली नाही. पण लिंबू तिनंच आणून दिलं, हे नोंदवतो, म्हणजे सगळा दोष माझ्यावर पडायला नको. मी अर्धवट डोळे मिटून, कात्रीच्या टोकानं, एकेक पुरचुंडी बाहेर काढली. नंतर पुण्य पूर्ण करावं म्हणून खालची मुडप मशीनवर सरळ टीप मारून बंद करून टाकली. त्या ड्रेसवर. मशीननं. दिवेलागणीला मी तो उतारा एका फडक्यात बांधला, वर लिंबू ठेवलं, हळदकुंकू टाकलं आणि कारंजाच्या रस्त्याला तीन वाटा फुटतात तिथं ठेवून मागं न बघता परत आलो. मागं न बघता चालताना मी एका उभ्या मोटारसायकलीवर आपटलो, पण तो भाग गौण आहे.

दोन दिवसांनी काकू आल्या. ड्रेस मी भिंतीवरच्या खुंटीला लावला होता. त्या दारातच थांबल्या. पायरीही चढल्या नाहीत.

"याचं वजन कुठं गेलं?"

मी बघितलं. खरं सांगायचं तर मलाही सकाळपासून काहीतरी खटकत होतं. पंखा सुरू होता आणि ड्रेसचा घेर वर उचलला जात होता, एका बाजूला पीळ खाऊन. आधी तो खुंटीवरून पाण्याच्या धारेसारखा सरळ उतरला होता. आता तो दोरीवर वाळत घातलेला कपडा दिसत होता. मी त्याचा अर्थ असा लावला होता की, सुटला बिचारा.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात, वाईट बातमी सांगतात तसं, सगळं सांगितलं. काळजी करू नका, म्हणालो. काढलं सगळं, टाकून आलो, आता गुडघेही बरे होतील.

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांची भाषा बदलली. ड्रेसबद्दल बोलताना त्यांची वऱ्हाडी गळून पडायची आणि खालून मुंबईची मराठी वर यायची, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"उरेब कापड हलकं असतं. त्याला खाली वजन लागतं, म्हणजे ते अंगावरून सरळ उतरतं. बाई चालली की ड्रेस तिच्या मागून अर्ध्या पावलानं येतो. त्यासाठी शिशाच्या चकत्या घालतात. सगळ्या जगात घालतात. कारखान्यात आमची नावं कुठं घालायची परवानगी नव्हती. खडूनंसुद्धा नाही. शिसं रेशमाला लागू नये म्हणून ते कशात तरी गुंडाळावं लागायचं. बाकीच्या पोरी अस्तराचा तुकडा घ्यायच्या. मी माझ्या आईचं लुगडं फाडलं. माझ्या हातच्या प्रत्येक ड्रेसमध्ये ते आहे. उरलेलं लुगडं माझ्या गोधडीत आहे. त्या पोरीसमोर मुडप उसवून, गोधडी शेजारी ठेवून दाखवणार होते."

मग त्या वऱ्हाडीत परत आल्या. "तो पुरावा होता, बापू. तू तिठ्यावर नेऊन ठेवला."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण ती आमच्याकडे काळी, चिकट आहे; घेतलं असतं तरी गुडघ्यापर्यंतच. मी घाईघाईनं तोडगा काढला. "काकू, गोधडी आना. तिच्यातला तुकडा काढू, नव्या पुरचुंड्या करू. कोनाले काय समजते?"

"मले समजन," काकू म्हणाल्या. "खोटी चिंधी घालून खरं नाव मागू काय मी?"

उठताना त्यांनी ड्रेसला हात लावला नाही. मशीनची टीप मात्र बघितली. "पिको नाई केली हे नशीब," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसरा दिवस बाजाराचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी येणार. उतारा ठेवून तीन दिवस होत आले होते. रस्ता वाहता, जीपा, बैलगाड्या, एसटी, ट्रॅक्टर. तिथं काही उरलं असेल अशी आशा मला नव्हती. तरी सकाळी पिशवी घेऊन निघालो.

होता. जिथं ठेवला तिथंच होता. तीन दिवसांत एकाही माणसानं त्याला पाय लागू दिला नव्हता. धुळीत चाकांच्या खुणा बघितल्या तर सरळ येऊन, त्या जागेशी वळसा घालून, पुन्हा सरळ. ट्रॅक्टरसुद्धा वळला होता. झाडणाऱ्यानं रस्ता झाडला होता आणि त्याच्याभोवती हातभर जागा सोडली होती. सोन्याची पिशवी ठेवली असती तर तासभर टिकली नसती. लिंबू तेवढं नव्हतं. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं की ते बकरीनं खाल्लं.

"कोनाची बकरी?"

"मायी," टपरीवाला म्हणाला. "तवापासून नजर ठेवून हावो तिच्यावर. आजून तं बरी हाय."

टपरीवर दहा-बाराजण बसले होते. बाजाराला आलेले, शेजारच्या खेड्यांतले. मी खाली वाकलो तसे सगळ्यांचे कप थांबले.

"अबे, काय करून राह्यला?" एकजण म्हणाला.

"उचलून राह्यलो."

"येडा झाला काय? त्याले हात लावू नको."

"मीच ठेवला होता," मी म्हणालो.

हे वाक्य बोलायच्या आधी विचार करायला हवा होता. करणी काढणारा निराळा आणि करणी ठेवून परत उचलणारा निराळा. दुसऱ्याकडे लोक पँट शिवायला टाकत नाहीत. फडकं बकरीनं ओढून सोडवलं होतं आणि पुरचुंड्या मातीत पसरल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसून, भर बाजाराच्या रस्त्यात, मोठ्यानं मोजत एकेक वेचली. अकरा भरल्या. बारावी सापडेना. गटाराच्या कडेपर्यंत चाचपत गेलो. कुणी मदतीला आलं नाही, पण मला बघायला एक जीप थांबली. शेवटी टपरीवाला दोन पावलं पुढं येऊन हळूच म्हणाला, "एक बकरीनं गिळलं असन तं मले सांगून ठेव बाप्पा."

पुढचा महिनाभर माझ्या दुकानात नवं कापड आलं नाही. टाकलेलं मात्र लोक उधार न ठेवता घेऊन गेले.

माझा निरोप मिळाल्यावर दुपारी काकू गोधडी घेऊन आल्या आणि शेजारी स्टुलावर बसल्या. मशीनची टीप मी सुईच्या टोकानं उसवली, टाक्यामागून टाका, तीन तास. काकूंनी मग मला एका रेशमी चिंधीवर शिवायला शिकवलं. पन्नाशीच्या टेलरला, सुई कशी धरायची इथपासून.

"दोरा ओढू नको. ठेव."

"ठेवूनच राह्यलो ना काकू."

"ओढून राह्यला. रेशीम सांगते मले."

त्यांच्या बोटांना कंप होता, नजर धूसर होती, आणि तरी माझा टाका चुकायच्या आधी त्यांना कळत होता. कापडाचा एकच धागा सुईवर घ्यायचा, बाहेरून काही दिसता कामा नये. मी आयुष्यात घातलेले सगळ्यात चांगले टाके त्या शिकवणीतले आहेत, आणि ते कुणाला दिसत नाहीत.

मुडपीची आतली बाजू मी तेव्हा पहिल्यांदा नीट डोळे उघडून पाहिली. तिथं गोल डाग होते. चाळीस वर्षं दाबून बसलेल्या पुरचुंड्यांचे. मी पटकन म्हणालो, पेट्रोलनं काढून देऊ काय? आणि काकू काही बोलायच्या आत माझंच मला उमगलं. प्रत्येक डाग निराळा होता. काही नुसते करडे. तीन ठिकाणी लालसर पट्टा उमटला होता, आणि पुरचुंड्यांतल्या तीनच लुगड्याच्या काठाच्या होत्या; काठाचा रंग रेशमात उतरला होता. पट्टा कुठं आडवा, कुठं तिरपा. मी पुरचुंडी फिरवून त्या डागावर ठेवली. बरोब्बर बसली. दुसरी ठेवली. तीही. काकूंना डाग दिसत नव्हते, म्हणून मी त्यांचं बोट धरून दाखवत गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "शिवू नको. आशाच ठेव. तिले दाखवू."

गुरुवारी, काकूंच्या बेस्तरवारी, ती मुलगी आली. तिशीच्या आतली, पाठीवर बॅग, हातांत पांढरे हातमोजे. मोजे बघून काकूंनी माझ्याकडे बघितलं. काकूंच्या घरी खाटेवर स्वच्छ चादर टाकून ड्रेस पसरला होता, उलटा. मुलगी आतला कमरपट्टा, दाब, खांद्यांचे थर बघत राहिली. एकदा तिनं श्वास सोडला, त्यावरून मला कळलं की ही आपल्याच जातीची, कपडा उलटा करून बघणारी.

मग ती मुडपीशी आली. "हे तर आत्ताच उसवलंय."

"हो," काकू म्हणाल्या.

"मावशी, मला वाईट वाटतंय, पण हे मी उघडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता या पुरचुंड्या आतच होत्या हे मी कशावरून मानू?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याले विचार."

मुंबईच्या मुलीसमोर, काकूंच्या मुलासमोर, मी पहिल्यापासून सांगितलं. टक्, करणी, लिंबू, तिठा, बकरी. काहीही गाळलं नाही, भाषणसुद्धा. मुलगी आधी गंभीर होती, बकरीपाशी तिनं वही तोंडावर धरली. मग मी ओणवा होऊन एकेक पुरचुंडी तिच्या तिच्या डागावर ठेवत गेलो. काठाच्या तिन्ही बसल्या तशी ती हसायची थांबली आणि बॅगेतून भिंग काढलं. गोधडी जवळ ओढून घेतली. काठ काठाला लावला. डागावर पुरचुंडी, पुरचुंडीशेजारी गोधडी, असे तिनं खूप फोटो काढले. बाराव्या डागाचा एकटाच फोटो काढला.

"हे कुणाला मुद्दाम करता येणार नाही," ती म्हणाली. "रंग उतरायला वर्षं लागतात. एक हरवली, कशी हरवली, तेही मी नोंदवून ठेवते."

म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा कागदपत्रांत आता बकरीसकट मी आहे.

ड्रेसच्या मुडपीत मी अकरा पुरचुंड्या तिच्यासमोरच शिवल्या. काकूंच्या देखरेखीखाली, दोरा न ओढता. मग मुलीनं ड्रेस हँगरवर घालून हात उंच धरला आणि खोलीतून दारापर्यंत चालत गेली. घेर तिच्या मागून अर्ध्या पावलानं गेला. ती वळली तेव्हा तोही वळला, किंचित उशिरा, घाई नसलेल्या माणसासारखा. काकूंच्या मुलानं असं काही कधी पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "आई, हे तू केलं?" काकूंनी मान हलवली.

मुलीनं वही उघडली. "पाटीवर नाव काय लिहू?"

मुलानं आईचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, रेशनकार्डावर आहे तसं.

"थांब," काकू म्हणाल्या. "ते नको लिहू."

त्यांनी दुसरंच नाव सांगितलं. लग्नाआधीचं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्यानं नवं नाव लिहायचं आणि मुलीनं त्या दिवसापासून त्या नावाला ओ द्यायची. काकूंचं पहिलं नाव कामरगावात कुणीच ऐकलेलं नव्हतं. मीही नाही. त्यांच्या पोटच्या मुलानंही नाही.

"हे कोनाचं नाव हाय?" त्यानं विचारलं.

"जिनं शिवला तिचं."

मुलीनं लिहिता लिहिता थांबून विचारलं, शेवटची वेलांटी पहिली की दुसरी. काकूंनी तिच्या हातातून पेन घेतलं, वही मांडीवर ओढली आणि स्वतः लिहायला लागल्या. हात कापत होता, त्यामुळे वेळ लागला. मुलगा मागून वाकून एकेक अक्षर वाचत होता.